चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि टीपी-लिंक ईएपी २२५

गोव्यात फायबर आता वाड्यावाड्यांवर पोचले आहे, तरी तक्रार एकच ऐकू येते: बलकांवात, म्हणजे दारासमोरच्या बैठकीच्या ओट्यावर, नेट येत नाही. प्लॅन १०० किंवा २०० एमबीपीएसचा असतो, राउटरच्या खोलीत तेवढा वेग मिळतोही. पण एक भिंत ओलांडली की व्हिडिओ कॉल अडखळतो आणि दुसरी ओलांडली की फोनवरचे वाय-फायचे चिन्हच जाते. अशा घरासाठी, किंवा चार-सहा खोल्यांच्या होमस्टेसाठी, टीपी-लिंकचा ईएपी २२५ हा ॲक्सेस पॉइंट घ्यावा का? बहुतेक ठिकाणी घ्यावा. अट एकच: त्याच्यापर्यंत अस्सल तांब्याची लॅन केबल ओढायची तयारी हवी. केबल नको, भोक नको, नुसता डबा आणून प्लगात खोचायचा असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही.

आधी एक गैरसमज. ईएपी २२५ हा राउटर नाही. फायबरवाल्याने दिलेला जो डबा घरात आहे, म्हणजे ओएनटी, तोच इंटरनेट जोडतो आणि फोनांना आयपी पत्ते वाटतो. ईएपी २२५ त्या डब्यातून निघालेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि केबलमधले नेट हवेत सोडतो. म्हणून ओएनटी काढून त्याच्या जागी हा लावायचा म्हटले तर काहीच चालणार नाही. दुकानात "मोठ्या रेंजचा राउटर द्या" असे सांगून हा घरी आणलेले पुष्कळ जण मग दुसऱ्या दिवशी परत करायला जातात.

खोक्यात पांढरी चपटी तबकडी असते, २०५.५ × १८१.५ × ३७.१ मिलिमीटरची, जेवणाच्या ताटलीपेक्षा थोडी लहान. सोबत भिंतीवर किंवा छताला लावायची पट्टी, स्क्रू आणि २४ व्होल्टचा पीओई अडॅप्टर. हा अडॅप्टर खोक्यातच मिळतो ही मोठी सोय, कारण एकाच केबलमधून वीज आणि नेट दोन्ही जाते आणि छताजवळ वेगळा प्लग काढावा लागत नाही. हाच अडॅप्टर पुढे डोकेदुखीही होऊ शकतो; त्याबद्दल खाली.

खोक्यावर एसी १३५० असे छापलेले असते. वाय-फायच्या दोन पट्ट्यांचे वेग, २.४ गिगाहर्ट्झवरचे ४५० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, यांची बेरीज करून, वर थोडे गोल करून तो आकडा येतो. एका फोनला दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिवाय ४५० साठी समोरच्या यंत्रालाही तीन अँटेना लागतात. दोन अँटेनांचा नेहमीचा फोन २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर जास्तीत जास्त १४४ ला जोडला जातो. ५ गिगाहर्ट्झवर ८६७ चा जोड मिळाला, तर त्याच खोलीत प्रत्यक्ष वेग साधारण निम्म्यापेक्षा थोडा जास्त पडतो. २०० किंवा ३०० च्या प्लॅनला तो भरपूर झाला. ५०० च्या वरचा प्लॅन असेल तर पुढे वाचताना टीपी-लिंकच्याच नव्या ईएपी ६१० चा विचार मनात ठेवा.

आता भिंती. गोव्यातल्या जुन्या घराची भिंत जांभ्या चिऱ्याची, दीड-दोन फूट जाड. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. जूनमध्ये पाऊस लागला की पश्चिमेची भिंत दोन-तीन आठवड्यांत ओलसर होते आणि ओली भिंत सुक्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. उन्हाळ्यात जेमतेम चालणारी जागा पावसाळ्यात बंद पडते, ती यामुळे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तर अशी एक भिंत कसाबसा पार करतो. दोन भिंतींपलीकडे त्याची आशाच धरू नये. २.४ गिगाहर्ट्झ थोडा आत शिरतो, पण तिथे वेग कमी आणि शेजारच्या घरांची गर्दी जास्त. पर्वरी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ असतात, तिथे एकच ईएपी २२५ दोन-तीन बेडरूमना पुरतो. जुन्या घराचा हिशेब खोल्यांचा न करता जाड भिंतींचा करावा. कुठल्याही खोलीत बसलेल्या माणसात आणि ॲक्सेस पॉइंटमध्ये एकाहून जास्त जाड भिंत येऊ द्यायची नाही. राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असलेल्या घरात तर काम सोपे होते. राजांगणाच्या बाजूच्या वसरीत आतल्या तोंडाने एक लावला तर चारही बाजूंच्या दारांतून सिग्नल आत शिरतो, कारण मधे मोकळी हवा असते. फक्त ती जागा झडीच्या पावसापासून आत हवी.

एका जागेकडे लोकांचे हमखास दुर्लक्ष होते: समोरचा पत्रा. अंगणावर किंवा गच्चीवर पावसासाठी टाकलेला रंगीत पत्रा म्हणजे सिग्नलला आरसा. पत्र्याखालचा ॲक्सेस पॉइंट पत्र्याखाली छान चालतो, पण वरच्या मजल्याच्या खोलीला त्यातले काही मिळत नाही. लोखंडी जाळ्या, स्टीलची कपाटे आणि भिंतीवरचा मोठा आरसा यांचेही तसेच.

जागा ठरवताना अंदाजावर भोक पाडू नका. २०-३० मीटरची सुटी केबल दोन्ही टोकांना कनेक्टर लावून तयार ठेवा, ॲक्सेस पॉइंट जोडा, शिडीवर किंवा कपाटावर नेमक्या जागी धरून ठेवा, दारे लावून घ्या आणि मग फोन घेऊन प्रत्येक खोलीत, बलकांवात, न्हाणीघरात जा. ॲन्ड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझरचे कुठलेही ॲप डीबीएममध्ये सिग्नल दाखवते; आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ किंवा त्याहून चांगला असेल तर व्हिडिओ कॉल बिनघोर. उणे ७५ च्या पलीकडे गेला तर मेसेज जाईल, कॉल तुटेल. अर्ध्या तासाचे हे काम चुकीच्या जागी पाडलेली भोके वाचवते.

ही तबकडी मुळात सपाट छतासाठी बनवलेली आहे. अँटेना आतच, तोंडाच्या बाजूला घुमटासारखा सिग्नल पसरतो आणि पाठीमागे कमी जातो. स्लॅबच्या घरात खोलीच्या मध्यावर छताला लावली की झाले. कौलारू घरात छतच नाही. वर नळे, रिपा आणि वासे. अशा वेळी वाशावर लावायचा मोह होतो. तो टाळावा, दोन कारणांनी. एक, या मॉडेलची कामाची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी कौलांखाली अगदी वर तेवढी उष्णता सहज ओलांडली जाते. दोन, पावसाळ्यात एखादा नळा सरकला की पहिली धार तिथेच पडते. त्यापेक्षा भिंतीवर साडेसात-आठ फुटांवर, तोंड घराच्या आतल्या बाजूला करून लावावी. बाहेरच्या भिंतीवर आत तोंड करून लावणे हे आतल्या भिंतीवर बाहेर तोंड करून लावण्यापेक्षा नेहमी चांगले. आणि चौकात चवथीला माटोळी बांधायची जागा असेल तर ती सोडून द्या. दरवर्षी तिथे शिडी लागते, नारळ-सुपारीचे घोस बांधले जातात आणि केबल ओढली जाते ती तेव्हाच.

चिऱ्यात भोक पाडणे सोपे, त्यात काही टिकवणे अवघड. सोबतचे छोटे प्लास्टिकचे फिशर काँक्रीटसाठी ठीक आहेत. चिऱ्यात ड्रिल थोडे हलले तरी भोक मोठे होते, लाल भुगा निघतो आणि फिशर फिरत राहतो. ८ मिलिमीटरचा, किमान ५० मिलिमीटर लांबीचा फिशर घ्या, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, भुगा फुंकून काढा आणि मग ठोका. भिंत फारच भुसभुशीत असेल तर आधी सागवानी फळीचा तुकडा चार लांब स्क्रूंनी बसवून त्यावर पट्टी लावा. केबलसाठी आरपार भोक पाडताना ते आतून बाहेर किंचित उतरते ठेवा, म्हणजे पाणी आत येणार नाही, आणि त्यात पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घाला. कनेक्टर केबल ओढून झाल्यावर लावायचा. आधीच लावलेला कनेक्टर भोकातून ओढला की त्याची चाप मोडलीच. शेवटी पाइपाचे तोंड पुट्टीने किंवा स्टील वूलने बंद करा. उघडा पाइप दिसला की कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि मुंग्या त्यातून सरळ उबदार अडॅप्टरपर्यंत पोचतात.

या यंत्राचे निम्मे यश केबलमध्ये आहे. बाजारात ३०५ मीटरच्या खोक्यावर कॅट ६ लिहिलेली पण आत ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते. तिला सीसीए म्हणतात. टोकाला तार चाकूने खरवडा: आत पांढरी चमक दिसली तर परत द्या. खोके उचलूनही कळते, अस्सल तांब्याचे खोके चांगले जड लागते. सीसीए नको म्हणण्याचे पहिले कारण रोधाचे. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा १०० मीटरला रोध सुमारे ९ ओहम. २४ व्होल्टचा अडॅप्टर निळ्या आणि तपकिरी जोडीतून वीज पाठवतो, एका बाजूने दोन तारा आणि परत यायला दोन, म्हणून जाऊन-येऊन रोध तेवढाच ९ ओहमच्या आसपास राहतो. अर्धा अँपियर ओढला गेला तर १०० मीटरला साडेचार व्होल्ट वाटेतच जातात. ३० मीटरला जेमतेम १.३५. सीसीएचा रोध साधारण दीडपट, म्हणजे १०० मीटरला सातेक व्होल्ट. मग रात्री सगळे घरी आले, काम वाढले की ॲक्सेस पॉइंट आपोआप बंद होऊन चालू होतो आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. घरापासून कुळागरातल्या मांगरापर्यंत (बागेतल्या खोपटापर्यंत) लांब केबल न्यायची असेल तर २४ व्होल्टचा अडॅप्टर बाजूला ठेवा आणि ८०२.३ एएफ या ठरलेल्या मानकाचा ४८ व्होल्टचा पीओई इंजेक्टर किंवा स्विच घ्या. ईएपी २२५ दोन्ही स्वीकारतो. व्होल्टेज दुप्पट झाले की करंट निम्मा होतो आणि वाटेतली घट निम्म्यावर येते, तीही ४८ व्होल्टमधून. केबलची एकूण मर्यादा मात्र १०० मीटरच.

दुसरे कारण खारट हवेचे, आणि ते किनाऱ्याजवळ जास्त महत्त्वाचे. कनेक्टर काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पात्यांपैकी एखाद्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ओल, मीठ आणि त्या तारेतून सतत वाहणारी वीज या तिघांनी मिळून केलेले ते काम आहे. ॲल्युमिनियमच्या तारेत ते फार लवकर होते. याचे लक्षण ओळखता येते. वेग एकाएकी ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकतो, ना वर ना खाली. गिगाबिटला आठही तारा लागतात; एक गेली की जोड १०० वर उतरतो आणि त्यातून प्रत्यक्षात ९४ च्या जवळपास निघतात. दिवा लागलेला असतो, म्हणून कोणी केबलकडे बघत नाही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार गेली तरी दुसरी एकटी सगळी वीज वाहून नेते, म्हणून दिवा लागतो. अशा वेळी राउटर, प्लॅन, कंपनी यांच्यामागे न लागता दोन्ही टोके कापून नवे कनेक्टर लावा. क्रम टी ५६८ बी: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हाच. कनेक्टर घेताना पात्यांवर सोन्याचा जाड मुलामा असलेला घ्या. दुकानात त्याला "५० मायक्रॉन" म्हणतात, खरे माप मायक्रोइंचाचे असते, पण मागताना तेच नाव सांगा, बरोबर वस्तू मिळते.

खोक्यातल्या अडॅप्टरची जपणूक अशी. त्यावर दोन सॉकेट असतात, एक लॅन आणि एक पीओई. लॅनमधून ओएनटीकडे, पीओईमधून ॲक्सेस पॉइंटकडे. हा पॅसिव्ह प्रकार आहे, म्हणजे समोर कोण आहे हे न विचारता वीज सोडतो. पीओईच्या सॉकेटमध्ये चुकून लॅपटॉप, टीव्ही किंवा ओएनटीची केबल गेली तर त्यांचा लॅन पोर्ट जळू शकतो. लाल चिकटपट्टी लावून त्यावर "फक्त वायफाय" असे लिहून ठेवा. घरात दुरुस्तीला येणारा दुसरा माणूस तुमच्याइतका सावध असेलच असे नाही. ४८ व्होल्टचा ८०२.३ एएफ प्रकार आधी विचारतो, मगच वीज देतो, म्हणून दुकानात किंवा होमस्टेत जिथे अनेक हात लागतात तिथे तो घेणे शहाणपणाचे.

वीज जाण्याचे पावसाळ्यात काही अप्रूप नाही, म्हणून राउटरसाठी मिनी यूपीएस पुष्कळांनी घेतलेला असतो. तो १२ व्होल्टचा. ओएनटी त्यावर चालतो, ईएपी २२५ चालत नाही, कारण त्याला २४ लागतात. पीओई सॉकेट असलेला मिनी यूपीएस मिळतो. घेताना तीन गोष्टी विचारा: बाहेर २४ व्होल्ट येतात का, ४-५ धन आणि ७-८ ऋण असा क्रम आहे का, आणि सॉकेट गिगाबिट आहे का. पुष्कळशा स्वस्त मिनी यूपीएसच्या पीओई सॉकेटमध्ये नेटच्या चारच तारा जोडलेल्या असतात, म्हणजे पुन्हा ९४ चा खेळ. यंत्र जास्तीत जास्त १२.६ वॅट घेते, ते धरून बॅटरीचा हिशेब करा. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटी आणि अडॅप्टर दोन्ही त्याच्याच प्लगवर घेणे सगळ्यात सोपे.

सेटिंग फारसे अवघड नाही. सगळे जोडून दोन-तीन मिनिटे थांबा, फोनवर टीपी-लिंकचे ओमाडा ॲप घ्या, टीपी-लिंकच्या नावाचे उघडे नेटवर्क दिसेल त्याला जोडा आणि ॲपमध्ये स्टँडअलोन, म्हणजे कंट्रोलरविना एकटा, हा प्रकार निवडा. पहिला लॉगिन ॲडमिन-ॲडमिन, तो तिथल्या तिथे बदला. पासवर्ड ओएनटीच्या डब्याखाली चिकटवून ठेवा, विसरलात तर रिसेटचे बटण सुमारे ५ सेकंद दाबून सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, अपडेट: मागच्या स्टिकरवर हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते, तिचेच फर्मवेअर घालायचे, आणि अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. बाहेर गडगडत असेल तर दुसऱ्या दिवशी करा.

मग खरे काम. २.४ गिगाहर्ट्झला चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा; ऑटोवर सोडू नका. ५ गिगाहर्ट्झसाठी भारतात चांगली ऐसपैस जागा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. त्यातले ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल घरासाठी उत्तम. मधल्या ५२ ते १४४ चॅनेलांवर रडारला वाट द्यायचा नियम पाळावा लागतो: यंत्राने सुरू होताना किमान ६० सेकंद कान देऊन ऐकायचे, आणि रडार ऐकू आले की चॅनेल सोडायचा. त्यात चालू कॉल तुटतो. म्हणून ते चॅनेल टाळलेलेच बरे. एकच ॲक्सेस पॉइंट असेल तर रुंदी ८० ठेवा. दोन असतील तर एकाला ३६ ते ४८ चा गट आणि दुसऱ्याला १४९ ते १६१ चा. तीन-चार झाले तर रुंदी ४० वर आणा, म्हणजे न भिडणारे चार गट मिळतात. फोनचा जोड ४०० चा होईल, पण अडथळा येणार नाही, आणि होमस्टेतल्या पाहुण्याला तेवढे पुरेसे आहे.

पाठवण्याची ताकद मात्र कमी करा, विशेषतः २.४ ची. सगळ्यांना कमाल हवी असते, आणि इथेच घोटाळा होतो. ॲक्सेस पॉइंट मोठ्याने ओरडू शकतो, पण फोनचा आवाज लहानच. लांबच्या खोलीत फोनला पूर्ण दांड्या दिसतात, त्याचे उत्तर मात्र ॲक्सेस पॉइंटपर्यंत पोचत नाही. शिवाय फोन २.४ चा जोरदार सिग्नल बघून तिथेच चिकटून बसतो आणि ५ कडे येत नाही. २.४ ची ताकद ५ पेक्षा सहा-सात डीबीने खाली ठेवली की बहुतेक फोन आपणहून चांगल्या पट्ट्यावर येतात. सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि पुष्कळशी कार्ड मशीन्स फक्त २.४ वर चालतात, म्हणून तो पट्टा बंद करू नका. दोन-तीन ॲक्सेस पॉइंट असतील तर सगळ्यांचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरन् अक्षर एकच ठेवा. एकाकडून दुसऱ्याकडे कधी जायचे हे फोनच ठरवतो. ताकद बेताची असली की तो निर्णय वेळेवर होतो. ओएनटीचे स्वतःचे वाय-फाय एकतर बंद करा, नाहीतर त्यालाही तेच नाव द्या. वेगळ्या नावाने चालू ठेवले की घरातली माणसे दिवसभर नाव बदलत बसतात.

सगळे ॲक्सेस पॉइंट एकाच जागेवरून सांभाळणारा ओमाडाचा कंट्रोलर घ्यायचा का? घरात दोन ॲक्सेस पॉइंटपर्यंत गरज नाही. चारच्या वर गेले, किंवा केबलविना एकाला दुसऱ्याशी हवेतून जोडायचा मेश हवा असेल, तर तो लागतोच. संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर फुकट आहे. ओसी २०० ही छोटी डबी विकत मिळते आणि सतत चालू राहते. पाहुण्यांना कूपन देणारे लॉगिनचे पान हवे असेल तर कंट्रोलर सतत चालू हवा, लॅपटॉपवर नको. मेशबद्दल एवढेच, की तोच रेडिओ पुढे-मागे दोन्हीकडे बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. चिऱ्याच्या भिंतीतून तर त्याहून कमी. केबल शक्य असेल तिथे मेश लावू नये.

कॅफे, छोटे हॉटेल, होमस्टे यांच्यासाठी दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. पहिली ओएनटीमधली: आयपी पत्त्यांचा साठा. समजा १९२.१६८.१.१०० ते १९९ असा १०० पत्त्यांचा साठा आहे आणि प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिला जातो. म्हापशाच्या बाजारदिवशी, शुक्रवारी, दिवसाला दीडशे गिऱ्हाइके फोन जोडून गेली की संध्याकाळी १०१ व्या फोनला पत्ताच मिळत नाही. फोनवर "आयपी मिळवत आहे" असे फिरत राहते आणि मालकाला वाटते वाय-फाय बिघडले. पत्त्यांची मुदत १ किंवा २ तासांवर आणा, प्रश्न संपतो. दुसरी गोष्ट: पाहुण्यांसाठी वेगळे नाव करून त्यावर गेस्ट नेटवर्कची खूण करा, म्हणजे त्यांचे फोन तुमचे बिलिंग, कॅमेरे आणि एकमेकांना पाहू शकत नाहीत. याच नावाला प्रत्येकी वेगाची मर्यादा लावता येते. ती लावा, नाहीतर एक जण सिनेमा उतरवतो आणि बाकीचे ताटकळतात. पण स्वयंपाकघरातला केओटी प्रिंटर (ऑर्डरची चिठ्ठी छापणारा) आणि ऑर्डर घेणारा टॅब चुकूनही गेस्टवर ठेवू नका, एकमेकांना दिसणारच नाहीत. प्रिंटरला तर केबलच द्यावी.

बाहेरच्या जागेसाठी हे मॉडेल लावू नये. बलकांव आडोशाला असला तरी झडीचे तुषार आणि खारी हवा तिथे पोचतेच, आणि या तबकडीला त्यांच्यापासून संरक्षण नाही. ईएपी २२५ आउटडोअर हे वेगळे मॉडेल आहे: आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून जपलेले, उणे ३० ते ७० अंशांपर्यंत चालणारे, दोन बाहेरच्या अँटेनांचे, २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. बलकांव, परसू, पोहण्याचा तलाव, शॅक यांच्यासाठी तेच घ्या. केबल मात्र बाहेर वापरायचीच घ्यायला हवी, काळ्या पॉलिथिलीनच्या वेष्टनाची. आतल्या कामाची करडी पीव्हीसी केबल उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते आणि पाणी तिच्यातून नळीसारखे आत उतरते. यंत्रात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील, आणि रबरी बूच नीट आवळून बसवा. माडांच्या मधून सिग्नल न्यायचा असेल तर ओल्या झावळ्या मधे येणार नाहीत अशी उंची ठरवा.

आभाळातल्या विजेचा धोका मे अखेरच्या वळिवात आणि ऑक्टोबरात जास्त. बाहेरची लांब केबल म्हणजे आत यायचा रस्ताच. घरात शिरते तिथे इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याचा अर्थिंगचा स्क्रू खऱ्या अर्थिंगला जोडा. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर म्हणजे केबलमधला आणखी एक जोड, बाकी काही नाही. दोन इमारतींमध्ये ३०-४० मीटरच्या पुढे जायचे असेल तर तांबे न टाकता फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणाऱ्या डब्या) टाका. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून एका घरावर पडलेली वीज दुसऱ्या घरातली यंत्रे जाळत नाही.

उणिवा सांगायच्या तर पहिली म्हणजे हा वाय-फाय ५ चा आहे. घरात नवे फोन, लॅपटॉप असतील, प्लॅन ५०० च्या वर असेल किंवा एका वेळी तीस-चाळीस फोन जोडले जाणार असतील, तर ईएपी ६१० घ्या, तो वाय-फाय ६ चा, ५७४ आणि १२०१ चा. पण ध्यानात ठेवा, जुना २४ व्होल्टचा अडॅप्टर त्याला चालत नाही, त्याला ८०२.३ एटी (एएफपेक्षा जास्त वीज देणारा) पीओई किंवा १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. खोक्यात काय काय आहे ते पैसे देण्याआधी दुकानातच उघडून बघा. भिंतीत आज चांगली कॅट ६ टाकली असेल तर उद्या फक्त दोन टोकांवरची यंत्रे बदलतील, म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर यंत्रात वाचवा, केबलमध्ये नको. दुसरी उणीव: दिवा रात्री झोपायच्या खोलीत डोळ्यांवर येतो, तो सेटिंगमधून बंद करता येतो.

शॅकवाल्यांसाठी शेवटचे. मे अखेरीस शॅक उतरवताना आउटडोअर यंत्र काढले की अडॅप्टर, चिमटे, बूच आणि अँटेना त्याच पिशवीत बांधा, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसून कोरडे करा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. केबलची दोन्ही टोके कापून टाका. ऑक्टोबरात नवे कनेक्टर लावायला दहा मिनिटे लागतात. जुने हिरवट कनेक्टर घेऊन हंगाम सुरू केला तर बिघाड शोधायला डिसेंबरचा शेवटचा आठवडाच उजाडतो.